विनम्रता वर्गात शिकवली, कार्यालयात नाही: फोंड्यातील समुपदेशन अभ्यासक्रमाविषयी

फोंड्यातील एका संस्थेचा समुपदेशन कौशल्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. पुढे काही तक्रारी नोंदवायच्या असल्याने संस्थेचे नाव देत नाही. शिकवणे मात्र उत्तम आहे, हे आधीच सांगतो.

या अभ्यासक्रमाचा गाभा ‘सांस्कृतिक विनम्रता’ हा आहे. मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये वैद्यकीय शिक्षणासंदर्भात ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून घेतली की काम झाले, हा समज त्यांना मान्य नव्हता. स्वतःला आयुष्यभर तपासत राहणे, समोरच्याच्या आणि आपल्या अधिकारातील तफावत कमी करणे आणि संस्थेनेही स्वतःला उत्तरदायी ठेवणे, असा त्यांचा आग्रह होता.

पहिल्या दोन गोष्टी इथे ज्या पद्धतीने शिकवतात, ती पद्धत मला फार मोलाची वाटली. एका रोल-प्लेमध्ये सत्तरी तालुक्यातील एक प्रशिक्षणार्थी समुपदेशक झाली होती. सल्लार्थी झालेल्या बाईने सांगितले, की देवळात कौल घेतल्याशिवाय आपण डॉक्टरांच्या गोळ्या सुरू करणार नाही. प्रशिक्षणार्थी लगेच गोळ्यांचे महत्त्व समजावू लागली. पर्यवेक्षक बाईंनी तिला थांबवले आणि चूक दाखवण्याऐवजी एवढेच विचारले, “तुमच्या घरी कौल घेतात का?” घेतात, असे ती हळूच म्हणाली. मग आपल्याच घरातली गोष्ट समुपदेशकाच्या खुर्चीत बसल्यावर परकी का झाली, यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. दुसऱ्या खेपेला तिने कौल कधी घेणार, सोबत कोण जाणार आणि कौल मिळेपर्यंतच्या रात्री कशा काढायच्या, हे विचारले. बाई मोकळेपणाने बोलू लागली. असे पर्यवेक्षण मी याआधी पाहिले नव्हते.

‘संगत’ या १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या संस्थेच्या कामावरचे सत्रही चांगले होते. व्यावसायिक पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांतील नैराश्यग्रस्त रुग्णांना कशी मदत केली, याचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. हे काम आपल्याच गोव्यात झाले, हे कळल्यावर पदवी नसलेले प्रशिक्षणार्थी पुढच्या सत्रांत मोकळेपणाने प्रश्न विचारू लागले.

अडचण आहे ती तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे संस्थेने स्वतःला उत्तरदायी ठेवण्यात. रोल-प्ले कोकणीत किंवा मराठीत चालतो, परंतु केस रिपोर्ट इंग्रजीतच लिहावा लागतो आणि गुण त्यालाच असतात. त्यामुळे सल्लार्थीचे दुःख नेमके ऐकणारी व्यक्ती गुणांत मागे पडते. सांगे आणि काणकोणहून येणाऱ्यांना शेवटच्या बससाठी संध्याकाळची चर्चा अर्धवट सोडून उठावे लागते, आणि खरे शिक्षण नेमके त्याच चर्चेत होते. अभिप्रायाच्या अर्जावर नाव लिहावे लागते आणि तो गुण देणाऱ्या शिक्षकांच्याच हाती जातो. अशा अर्जावर कोण खरे लिहील? वर्गात आपलेपणा वाटतो तो शिक्षकांमुळे, आणि नियमांपाशी आल्यावर तो संपतो. हे मला मनापासून खटकते, कारण ज्यांच्या गावांत समुपदेशक सर्वाधिक हवे आहेत, तेच प्रशिक्षणार्थी यामुळे मध्येच गळतात.

तरीही शाळेतील समुपदेशक, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्यांनी असा अभ्यासक्रम जरूर करावा. प्रवेश घेण्यापूर्वी मात्र रिपोर्ट मराठीत किंवा कोकणीत चालेल का, वर्ग सकाळी ठेवता येतील का आणि अभिप्राय निनावी असतो का, हे लेखी विचारून घ्यावे. पुढच्या तुकडीसाठी याच तीन मागण्यांचे पत्र आम्ही काही जणांनी संस्थेला दिले आहे.