बचतीच्या हिश्श्यावर फी ठरवताना: एका फौंड्रीतील अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांना (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांना) कास्टिंगचे रिजेक्शन, म्हणजे ओतीव नग बाद होण्याचे प्रमाण, कमी करण्याबाबत मी स्वतंत्रपणे सल्ला देतो. एका मालकाने माझी फी कशी बुडवली हे या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांना सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तसाच प्रस्ताव आता इतरांपुढेही ठेवला जात असल्याचे कानावर आले आहे.

मी दरमहा ठरावीक फी मागितली होती. त्याऐवजी रिजेक्शन घटल्याने जी बचत होईल तिचा हिस्सा काम संपल्यावर देण्याचे मालकांनी सुचवले आणि तसे ईमेलवर लिहूनही दिले. हिस्सा मासिक फीपेक्षा बराच मोठा होता. ‘तुम्ही काम तर करा, पैशाचं काय, बघू की,’ हे त्यांचे शब्द होते.

सुरुवातीला फेटलिंगनंतरच्या (कास्टिंगवरील जादा धातू आणि वाळू काढून साफसफाई झाल्यानंतरच्या) तपासणीत बाद झालेले नग मोजून शंभरामागे बारा हा आकडा दोघांनीही मान्य केला. त्यानंतर प्रत्येक पाळीत साच्याच्या वाळूतील ओलावा तपासणे, वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचे प्रमाण सांभाळणे, ओतण्याच्या तापमानाची नोंद ठेवणे आणि मोठ्या कास्टिंगचे गेटिंग (साच्यात रस जाण्याचे मार्ग) व रायझर (थंड होताना जादा रस पुरवणारी जागा) बदलणे, या उपायांनी ब्लो होल (वायूमुळे पडणारी छिद्रे) आणि श्रिंकेज (धातू आकसल्याने पडणाऱ्या पोकळ्या) हे दोष झपाट्याने घटले व तो आकडा पाचापर्यंत उतरला. मी ठरल्याप्रमाणे बिल दिले. त्यावर मालकांनी जो तक्ता पुढे केला त्यात मात्र आकडा दहा होता. मोजणीची पद्धतच मला न सांगता बदललेली होती: मशीनिंगमध्ये बाद झालेले आणि ग्राहकाकडून परत आलेले नगही आता त्यात धरले होते, आणि मोजणी नगांवरून वजनावर नेली होती, म्हणजे एक जड कास्टिंग बाद झाले की अनेक लहान नगांमधली सुधारणा कागदावरून पुसली जात होती. आधीचा बारा मात्र जुन्याच पद्धतीचा ठेवला होता. जी थोडी घट उरली तिचे श्रेय नव्या सँड मिक्सरला दिले गेले, आणि मूळ रजिस्टर पाहू देण्यास नकार मिळाला. हा हिशेबातला मतभेद नव्हता, ही ठरवून केलेली फसवणूक होती.

शिवाय बिल काढल्यावर त्यावरील १८ टक्के जीएसटी पैसे हाती आले नाहीत तरी भरावाच लागतो, तो मी खिशातून भरला.

बचतीवर फी घ्यायचीच असेल, तर तिचा मोठा भाग मासिक आणि आगाऊ असावा. कोणते नग, कोणत्या टप्प्यावर, नगांवर की वजनावर मोजायचे हे कामापूर्वी लिहून घ्यावे, रजिस्टरच्या पानांवर दर आठवड्याला दोघांच्या सह्या असाव्यात आणि मध्येच नवे यंत्र आले तर हिशेब कसा होईल तेही ठरवून ठेवावे. ज्याच्याकडून पैसे यायचे, त्याच्याच ताब्यातील आकड्यावर आपली फी अवलंबून ठेवू नये.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बिलासाठी करारातही ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत ठेवता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. सल्लागारालाही हे संरक्षण मिळते, परंतु उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी) काम स्वीकारण्यापूर्वीच करून घ्यावी. नंतरच्या नोंदणीवरून वाद उपस्थित होतात. माझी नोंदणी आधीची असल्याने मी याच कायद्याखाली थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला आहे.

अर्ज तयार करताना फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचे प्राप्तिकर विभागाचे विवरण) तपासला, तेव्हा या कंपनीने माझ्या संपूर्ण बिलावर टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून भरल्याचे दिसले. रक्कम प्रत्यक्ष देण्याआधी ती खात्यात जमा दाखवली तरी टीडीएस कापावा लागतो. म्हणजे मला जे बिल अमान्य असल्याचे सांगितले जात होते, ते त्यांच्या स्वतःच्या वह्यांत पूर्ण रकमेने नोंदलेले होते. ती नोंद, बारा हा आकडा मान्य केल्याचा ईमेल आणि बिल, ही तीनही कागदपत्रे मी अर्जाला जोडली आहेत.