पहिल्या वर्षाला कुणाला धरायचं: मेंटर सर, सीनियर की गावाकडचा दादा?

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपून इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का झाला की पहिल्या महिन्यातच सल्ला देणारी तीन माणसं भेटतात. कॉलेजने नेमलेले मेंटर सर किंवा मॅडम, कॉलेजनेच जोडून दिलेला सीनियर विद्यार्थी, आणि आपल्याच तालुक्यातून आधी इथे आलेला ओळखीचा दादा किंवा ताई. तिघंही उपयोगाचे आहेत, पण वेगवेगळ्या कामांसाठी. रोजच्या अडचणींसाठी एकालाच धरायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आपल्याच शाखेतला, दुसऱ्या वर्षाचा सीनियर.

पहिल्या सत्रात अडतं ते फार बारीकसारीक गोष्टींवर. ग्राफिक्सची शीट कशी काढली की परत करायला लावत नाहीत, सबमिशनच्या आठवड्यात फाईलवर सही घ्यायला केव्हा जावं, एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सत्रातल्या गणिताच्या, कोणत्या युनिटपासून सुरुवात करावी, मराठी माध्यमातून आल्यावर पहिल्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंड कसं उघडावं. ज्याने हे सगळं गेल्याच वर्षी केलं त्याला ते अजून लख्ख आठवतं. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी जास्त जाणता खरा, पण त्याचा जीव प्लेसमेंट आणि प्रोजेक्टमध्ये अडकलेला असतो. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम बदलले असतील तिथे त्याच्या जुन्या नोट्स कितपत चालतील, ते आधी पाहावं लागतं. आणि ‘वर्गात मला काहीच कळत नाही’ हे सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायला जे बळ लागतं ते सगळ्यांकडे नसतं. कट्ट्यावर चहा पिताना ते सहज बोलून जातं. निवडायची संधी मिळाली तर टॉपरपेक्षा एम-वनची केटी लागून, म्हणजे तो विषय राहून, ती सोडवलेला सीनियर घ्या. कुठे घसरायला होतं ते त्याला नेमकं माहीत असतं.

असा सीनियर मिळणं ही कॉलेजची मेहेरबानी नाही. रॅगिंग रोखण्यासाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २००९मध्ये केलेल्या नियमांतच स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांच्या मेंटरिंग सेलची तरतूद आहे: सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटर, आणि अशा सहा मेंटरांमागे वरच्या वर्गातला एक. सहा जण असले की कोण जेवत नाहीये, कोण दोन दिवस लेक्चरला दिसला नाही, हे ध्यानात येतं. एका सीनियरकडे तीस मुलं सोपवली की उरतो फक्त व्हॉट्सॲप ग्रुप. म्हणून प्रवेशानंतर पहिल्यांदा हाच आकडा विचारा.

मेंटर शिक्षकांकडे सीनियरकडे नसलेली गोष्ट असते, ती म्हणजे अधिकार. आजारपणामुळे हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली, डिफॉल्टर यादीत नाव लागलं, परीक्षेचा फॉर्म अडला, तर थेट त्यांच्याकडे जा आणि कागद सोबत न्या. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात मेंटर आणि विद्यार्थ्यांचं प्रमाण विचारलं जात आलं आहे, त्यामुळे नोंदवही बहुतेक ठिकाणी असते. तिच्यात नुसती सही करून येऊ नका, पाच मिनिटं बसून बोला. पुढे खरंच अडचण आली की त्यांना तुमचा चेहरा आठवायला हवा.

गावाकडचा दादा खोली, मेस, बसचा पास आणि घरची आठवण यांसाठी हक्काचा. फी-शिष्यवृत्तीच्या बाबतीत मात्र त्याचा शब्द अखेरचा मानू नका. २०२४-२५पासून राज्यात वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. त्याआधी ती निम्मी होती. चार वर्षांपूर्वी शिकून गेलेली ताई मनापासून जुनाच हिशेब सांगेल आणि घरचे उसनवारीच्या मागे लागतील. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, फॉर्म कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारूनच भरा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेवढं आधी तपासून घ्या.

सीनियरच्या बाबतीत एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करणार नाही. ‘नोट्स देतो, पण माझी असाइनमेंट लिहून दे’ असं तो म्हणाला तर ती देवाणघेवाण नाही. ज्युनियरकडून आपलं अभ्यासाचं काम करून घेणं आणि त्याला जबरदस्तीने खर्च करायला लावणं, दोन्ही यूजीसीच्या नियमांप्रमाणे रॅगिंगच आहे. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. झोप उडाली आहे, जगणंच नकोसं वाटतंय, अशी वेळ आली तर तो भार एकोणीस वर्षांच्या सीनियरवर टाकणं दोघांसाठीही धोक्याचं. तेव्हा कॉलेजचे समुपदेशक किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक गाठा, आणि घरी कळवा. चांगला सीनियर स्वतःच तुमच्यासोबत समुपदेशकांच्या दारापर्यंत येतो.

दिलेल्या सीनियरशी जमलंच नाही तर महिनाभरातच मेंटर सरांना सांगून बदलून मागा. कारण देताना तक्रार करायची गरज नाही. ‘माझ्या शाखेचा किंवा माझ्या हॉस्टेलचा कुणी मिळेल का?’ एवढं विचारलं तरी पुरे.