जळगावचा रविवारचा अभ्यासवर्ग: चार सत्रांनंतरचा अभिप्राय

जळगावातील एका खासगी अभ्यासकेंद्राने साम्यवादी राजवटीतील धर्मगुरूंच्या जाहीर भाषणांवर चार रविवारांचा सशुल्क वर्ग घेतला. शुल्क ४०० रुपये. त्यात टिपणांची पुस्तिका आणि मधल्या वेळचा चहा. अमळनेरहून सकाळच्या पॅसेंजरने मी चारही वेळा गेलो आणि पैसे वसूल झाले असेच म्हणेन, मात्र पुस्तिकेबद्दल माझी तक्रार आहे.

दुसरे सत्र सर्वांत सरस होते. २ जून १९७९ रोजी साम्यवादी पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथल्या विजय चौकात मूळचे पोलिश असलेले पोप जॉन पॉल दुसरे यांनी केलेले प्रवचन सरांनी वाक्यावाक्याने उलगडले. ख्रिस्ताला वगळून मनुष्य समजत नाही, हे विधान धर्मशास्त्राचे. त्यात सरकारविरुद्ध अक्षरही नाही, आणि म्हणूनच त्यावर बोट ठेवणे राज्यकर्त्यांना कठीण गेले. सरकारी दूरचित्रवाणीने अफाट जनसमुदाय शक्यतो दिसू दिला नाही. पण चौकात उभ्या असलेल्यांनी एकमेकांना पाहिले होतेच.

त्या प्रवचनाच्या शेवटी पवित्र आत्म्याने ‘पृथ्वीचे’ रूप नवे करावे अशी प्रार्थना आहे आणि लगेच ‘या पृथ्वीचे’ अशी जोड आहे. पोलिश भाषेतील ‘झेम्या’ या शब्दात पृथ्वी, भूमी आणि माती हे तिन्ही अर्थ सामावतात. त्यामुळे ‘या’ म्हणताच सारे जग आकसून पोलंड होते. पुस्तिकेत दोन्ही ठिकाणी ‘जगाचे’ असे छापून हा सगळा डाव घालवला आहे. आपल्याकडे ‘भूमी’ किंवा ‘भुई’ हे शब्द असताना असे का व्हावे, हे मला कळले नाही.

तिसरे सत्र पोलंडमधील कॅथलिक धर्मगुरू फादर येझी पोपिएवूश्को यांच्यावर होते. लष्करी कायद्याच्या काळात वॉर्सातील एका चर्चमध्ये ते दरमहा मातृभूमीसाठी प्रार्थनासभा घेत आणि वाइटाला चांगल्याने जिंका, हे संत पौलाचे वचन सांगत. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी, अपहरण होण्यापूर्वी काही तास, बिडगोश्च येथे त्यांनी भीतीपासून आणि त्याहूनही अधिक सूडाच्या इच्छेपासून मुक्ती मागितली होती. गुप्त पोलिसांनी त्यांचा खून केला. हे ऐकताना मला धुळ्याचा तुरुंग आठवला, जिथे १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता सांगत आणि साने गुरुजी ती टिपून घेत. तिथे राजवट इंग्रजांची होती, प्रसंग वेगळा होता. तरीही खानदेशातील श्रोत्यांसमोर हा उल्लेख एकदाही येऊ नये, याचे नवल वाटले.

चौथे सत्र घाईत उरकले. प्रवचनांनीच राजवट पाडली, असा त्याचा सूर होता. १९८० च्या उन्हाळ्यातील पोलंडमधली मांसाची दरवाढ आणि कामगारांचे संप यांना तिथे दोनच मिनिटे मिळाली. वास्तविक ग्दान्स्क या पोलिश बंदराच्या जहाजबांधणी कारखान्याच्या फाटकावर संपकऱ्यांनी पोपचे चित्र लावले होते, म्हणजे भाकरी आणि प्रवचन एकाच फाटकावर भेटले होते. पुढील वर्गात या सत्राला पूर्ण दोन तास द्यावेत आणि पुस्तिकेचे भाषांतर पोलिश जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे, असे मी केंद्राला लेखी कळवले आहे.