इब्न खल्दूनची एका खंडातली 'मुकद्दिमा': प्रत बघून घ्या, क्रम बदलून वाचा

मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना, इब्न खल्दूनच्या मोठ्या इतिहासग्रंथाची. ट्युनिसला १३३२ साली जन्मलेल्या या इतिहासकाराने दरबारी राजकारणातून अंग काढून घेतलं, आजच्या अल्जीरियातल्या कलअत इब्न सलामा या गढीत बस्तान हलवलं आणि १३७७ मध्ये पाच महिन्यांत हिचा खर्डा पुरा केला. फ्रांझ रोझेंथाल यांच्या इंग्रजी अनुवादात (१९५८) या प्रस्तावनेचेच ३ खंड झाले. एन. जे. दाऊद यांनी १९६७ मध्ये त्यांचा एक खंड केला. हे परीक्षण त्या प्रिन्स्टनच्या पेपरबॅकचं. नागपुरात बर्डीवर विचारा किंवा ऑनलाइन मागवा, पण रोझेंथाल आणि दाऊद ही दोन्ही नावं छापलेली असतील तरच पैसे द्या.

पुस्तक घेण्याजोगं आहे, नक्कीच. फक्त आटवताना रोझेंथाल यांच्या बहुतेक टिपा गेल्या आणि त्याचा फटका दोन शब्दांना बसतो. पहिला 'असबिया'. अनुवादात त्याला 'ग्रुप फीलिंग' म्हटलंय, ते फारच मिळमिळीत. मूळ धागा 'असबा', म्हणजे बापाकडचे नातलग. आपल्याकडची भावकीच ती. भावकी संकटात एकमेकांसाठी उभी राहते ती ताकद म्हणजे असबिया. (भाऊबंदकी म्हणू नका, अर्थ नेमका उलटा होतो.) दुसरा शब्द 'अरब'. अरबांनी जिंकलेला मुलुख लवकर उजाड होतो, असं वाचून लोक चमकतात. तिथे इब्न खल्दून बहुतेक वेळा वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांबद्दल बोलतोय. स्वतःचं घराणं तो अभिमानाने हद्रमौतच्या (आजच्या येमेनमधल्या) अरबांचं सांगायचा.

सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. हवामानाचे सात पट्टे आणि त्यावरून माणसांच्या रंग-स्वभावाबद्दल काढलेले निष्कर्ष आज टिकत नाहीत, काही तर बोचतात. त्याआधीच्या प्रास्ताविकात मूसाच्या (मोझेसच्या) इस्रायली सैन्याचा हिशेब आहे, तो उघडा. मसूदी वगैरे इतिहासकार ६ लाखांचा आकडा देतात. इब्न खल्दून विचारतो, इजिप्तमध्ये शिरली त्यांची ७० माणसं, मध्ये गेल्या जेमतेम चार पिढ्या, मग इतके आले कुठून? आणि एवढी फौज रणात उभी केली तर एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्याला कळणार कसं? आकडा दिसला की हिशेब मांडायचा, ही त्याची रीत.

मग दुसरं आणि तिसरं प्रकरण सलग वाचा. राजघराण्याचं आयुष्य साधारण तीन पिढ्या, पिढी ४० वर्षांची, म्हणजे १२०. पहिली काटक, दुसरी सुखाला लागलेली, तिसरी कष्ट पार विसरलेली. तिला रक्षणाला भाडोत्री लागतात. करांचंही तिथेच येतं: राज्य नवं असताना थोड्या करात वसूल भरपूर, उतरणीला कर भारी आणि वसूल कमी, कारण लोकांची कमावण्याची उमेदच जाते. ही पानं पेन्सिल घेऊन वाचावीत.

नागपूरकर लगेच भोसल्यांचा हिशेब घालतील. १७४३ ते १८५३, म्हणजे ११० वर्षं. जरा थांबा. इथलं राज्य डलहौसीने वारस नामंजूर करून खालसा केलं. ते आतून किती पोखरलं होतं हा वेगळा अभ्यास आहे, नुसत्या बेरजेने सिद्ध होत नाही.

१४०१ मध्ये दमास्कसच्या तटावरून दोराने खाली उतरून त्याने तैमूरची भेट घेतली, तो प्रसंग यात शोधू नका. तो त्याच्या आत्मचरित्रात आहे.