सारंगखेडा बाजारातली तरुण घोड्याची खरेदीपूर्व तपासणी

दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोडेबाजारात घेतलेली ही पशुवैद्यकीय तपासणी पैसे वसूल करणारी आहे. आधी दातांवरून वय, मग चिमट्याने खूर दाबून दुखरी जागा शोधली. सांधा 60 सेकंद दुमडून धरला आणि सोडताच कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने पळवलं. दुखऱ्या पुढच्या पायावर भार आला की डोकं वर जातं. डॉक्टरांची नजर तिथेच होती. गोलात दोन्ही बाजूंनी फिरवणं मात्र टाळलं, ही मोठी उणीव, कारण हलकं लंगडणं तिथे उघडं पडतं. पुढच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला आवर्जून सांगा. गुडघ्याच्या लगेच वरची वाढपट्टी (जिथून हाड लांबीला वाढतं ती कूर्चेची पट्टी) बंद झाली का ते त्यात दिसतं; ती साधारण 24 ते 30 महिन्यांच्या वयात बंद होते. त्याआधी रोजची स्वारी नको. वेदनाशामक टोचून लंगडणं झाकता येतं, म्हणून रक्ताचा नमुनाही राखून ठेवायला सांगा.