हॅलोजन हेडलाइटमध्ये बसणारे झेनॉन किट: परीक्षण आणि कायद्याची बाजू

मूळ हॅलोजन (तापणाऱ्या तारेचा) बल्ब काढून त्या जागी लगेच बसवता येणारी ३५ वॅटची झेनॉन किट अनेक नावांनी विकली जातात. येथे परीक्षण केलेले किट एच७ बैठकीचे, म्हणजे एच७ प्रकारचा हॅलोजन बल्ब जिथे बसतो तिथे बसणारे आहे. दोन बल्ब, दोन बॅलास्ट (बल्बला हवे ते व्होल्टेज पुरवणारी उपकरणे), जोडणीच्या तारा आणि बॅलास्ट आवळण्याच्या पट्ट्या एवढे साहित्य खोक्यात मिळते. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा मुख्य आक्षेप त्याच्या एकट्याच्या मालावर नसून हॅलोजनच्या दिव्यासाठी बनवलेल्या अशा प्रत्येक किटवर आहे.

वस्तू म्हणून हे किट वाईट नाही. बॅलास्टचे आवरण धातूचे आणि नीट बंदिस्त आहे, कनेक्टर घट्ट बसतात, तारांवरचे वेष्टन जाड आहे आणि दोन्ही बल्बांच्या रंगात डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही. जोडणीसाठी मूळ वायरिंग कापावी लागत नाही. मात्र ज्या गाड्यांत बल्ब गेल्याची सूचना डॅशबोर्डवर येते, त्यांत ५५ वॅटऐवजी ३५ वॅटचा भार दिसल्यामुळे ती सूचना विनाकारण लागू शकते आणि मग जादा भार दाखवणारा वेगळा रेझिस्टर (विद्युतरोधक) जोडावा लागतो, जो बराच तापतो.

प्रकाश किती वाढतो, हा खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो. एच७ हॅलोजन बल्बचा प्रमाणित प्रकाश साधारण १५०० लुमेन (प्रकाश मोजण्याचे एकक), तर कंपनीकडून झेनॉन बसवून आलेल्या गाड्यांतल्या डी२एस दिव्याचा ३२०० लुमेन असतो, आणि तोही कमी वीज घेऊन. झेनॉनमध्ये तापणारी तार नसते. दोन इलेक्ट्रोडांमध्ये वीस हजार व्होल्टांहून मोठी ठिणगी पाडून विद्युतप्रज्योत, म्हणजे आर्क, पेटवली जाते आणि नंतर ती कमी व्होल्टेजवर टिकवली जाते. झेनॉन वायूमुळे दिवा लगेच उजळतो, पण आतल्या धातूंच्या क्षारांची वाफ होऊन पूर्ण प्रकाश मिळायला काही सेकंद जातात. म्हणूनच समोरच्याला इशारा देण्यासाठी क्षणभर हाय बीम मारायचा असेल, तर त्या कामाला हे बल्ब उपयोगी पडत नाहीत.

हा वाढलेला प्रकाश जातो कुठे, हे सपाट भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिले की कळते. हॅलोजन बल्ब असताना लो बीमची (खाली, जवळ पडणाऱ्या झोताची) वरची कड रेषेसारखी स्पष्ट दिसते आणि आपल्या बाजूच्या कडेला ती तिरकी वर चढते. रेषेच्या वर जवळजवळ अंधार असतो. किट बसवल्यावर तीच कड पुसट झाली, रेषेच्या वर पांढरट धूसर पट्टा पसरला आणि त्यात दोन-तीन ठिकाणी ठळक डाग उमटले. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे नेमके या रेषेच्या वरच्या भागात असतात. खाली बंपरच्या पुढची जागा मात्र लखलखीत झाली, आणि फसगत येथेच होते. जवळचा रस्ता फार उजळ दिसला की चालकाला चांगले दिसत असल्याची खात्री वाटते, पण त्याच उजेडाने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरच्या अंधाऱ्या भागातले कमी दिसते.

याचे कारण बल्बच्या दर्जात नाही, प्रकाश कुठून निघतो यात आहे. एच७ ची तार सुमारे चार मिलिमीटर लांबीची, सरळ आणि सर्वत्र जवळपास सारखी उजळ असते, आणि परावर्तकाचा (बल्बमागच्या आरशाचा) प्रत्येक वळसा त्या तारेची नेमकी जागा धरून आखलेला असतो. आर्कची लांबी जवळपास तेवढीच असली, तरी ती उष्णतेने वरच्या बाजूला कमानीसारखी वाकते आणि इलेक्ट्रोडांजवळ सर्वांत प्रखर असते. शिवाय बल्बच्या बाजूने जाणाऱ्या परतीच्या तारेची सावली पडते. परावर्तकासाठीच घडवलेल्या डी२आर या मूळ झेनॉन दिव्याच्या काचेवर भरकटणारा प्रकाश अडवण्यासाठी काळे पट्टे रंगवलेले असतात. किटच्या बल्बवर असे काही नाही. वाहन कंपन्यांच्या झेनॉन दिव्यांची बैठकही हॅलोजनपेक्षा मुद्दाम वेगळी ठेवली आहे, म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसूच नये. किट बनवणारे झेनॉनची कुपी एच७ च्या बैठकीवर चिकटवून तो अडसरच काढून टाकतात.

कायद्याचा प्रश्न याच ठिकाणी सुरू होतो. हेडलाइटला मिळणारी मान्यता दिव्याची पेटी आणि तिच्यात बसणारा ठरावीक प्रकारचा बल्ब या जोडीला मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमावलीत तारेच्या बल्बांसाठी नियम क्रमांक ३७ आहे, तर झेनॉनसारख्या विसर्गदिव्यांसाठी क्रमांक ९९ आणि ते ज्यात बसतात त्या हेडलाइटसाठी क्रमांक ९८. एच७ ही बैठक ३७ व्या नियमातली असल्यामुळे ‘एच७ झेनॉन’ नावाच्या बल्बला मान्यता मिळावी असे कलमच अस्तित्वात नाही. विक्रेता कितीही प्रामाणिक असो आणि माल कितीही उत्तम असो, या त्रुटीवर त्याच्याकडे उपाय नाही.

मग खोक्यावर वर्तुळातले ‘ई’ हे मान्यताचिन्ह कसे, असा प्रश्न अनेकजण विचारतात. या किटमध्येही ते आहे, पण बॅलास्टवर, आणि त्याच्याशेजारी ‘१०आर’ अशी अक्षरे आहेत. नियम क्रमांक १० विद्युतचुंबकीय व्यत्ययासंबंधी आहे. बॅलास्टमुळे रेडिओ किंवा गाडीतल्या इतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणांत बिघाड होत नाही, एवढेच ते चिन्ह सांगते. प्रकाशाबद्दल त्यात एक अक्षरही नाही. विक्रेते हे चिन्ह कायदेशीरपणाचा दाखला म्हणून पुढे करतात, हे मला अत्यंत गैर वाटते, कारण सामान्य ग्राहकाला हा फरक कळण्याची शक्यता फार कमी आहे. माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘सार्वजनिक रस्त्याबाहेरील वापरासाठी’ असे छापले आहे, आणि बहुतेकांना ते खरेदीनंतरच दिसते.

स्वतःच्या गाडीची स्थिती तपासायची असेल तर हेडलाइटच्या काचेवर किंवा पेटीवर कोरलेली अक्षरे पाहावीत. युरोपीय पद्धतीच्या दिव्यावर ‘एचसी’, ‘एचआर’ किंवा ‘एचसीआर’ असेल तर तो हॅलोजनसाठी मान्य आहे; झेनॉनसाठीच्या दिव्यावर ‘डीसी’, ‘डीआर’ किंवा ‘डीसीआर’ असते. प्रोजेक्टर (प्रकाश भिंगातून टाकणारी रचना) असलेल्या हॅलोजन दिव्यात किट चालते, असा समज आहे. तिथे कड तुलनेने स्पष्ट राहते हे खरे, पण मान्यतेची अक्षरे बदलत नाहीत, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही.

देशोदेशींचे नियम तपशिलात वेगळे असले तरी कल एकच आहे. अमेरिकेत हेडलाइटसाठी संघीय सुरक्षा मानक क्रमांक १०८ लागू आहे आणि हॅलोजनच्या जागी झेनॉन बसवणारी किट या मानकात बसू शकत नाहीत, अशी तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाची भूमिका आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२१ पासून हॅलोजनच्या पेटीत झेनॉन बल्ब आढळल्यास मोटारगाडी वार्षिक तपासणीत नापास करण्याचा आदेश आहे. जर्मनीत असा बदल केल्याने वाहनाचा वापर-परवानाच रद्दबातल ठरू शकतो, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावर त्याची छाया पडते.

झेनॉनच हवा असेल तर वैध मार्ग आहे, पण तो खर्चिक आहे. झेनॉनसाठी मान्य असलेली पूर्ण हेडलाइट त्याच गाडीसाठी उपलब्ध असावी लागते. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४८ नुसार २००० लुमेनपेक्षा जास्त प्रकाश देणाऱ्या लो बीमबरोबर दिवा धुण्याची यंत्रणा आणि गाडीतल्या भारानुसार दिव्याची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था सक्तीची राहिली आहे. मागच्या सीटवर माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडीचे नाक वर होते. काचेवरचा चिखल प्रकाश चौफेर उधळतो. दुप्पट प्रकाशाच्या दिव्याबाबत या दोन्ही गोष्टी दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत, आणि किटमध्ये यातले काहीही येत नाही.

एलईडीच्या बाबतीत थोडा बदल घडला आहे. २०२० मध्ये जर्मनीत ओस्रामच्या एच७ बदली एलईडी बल्बला ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरती परवानगी मिळाली. ती प्रत्येक दिव्याची चाचणी घेऊन आणि गाड्यांची यादी जाहीर करून दिलेली आहे, म्हणजे तेथेही मान्यता जोडीलाच आहे. यादीबाहेरच्या गाडीत तोच बल्ब बेकायदाच ठरतो.

वस्तूची घडण पाहता या किटला चांगले गुण देता येतील, पण सार्वजनिक रस्त्यावरील वापरासाठी मी त्याची शिफारस अजिबात करणार नाही. मूळ दिवे मंद वाटत असतील तर आधी काचेचा पिवळेपणा पॉलिश करून घालवावा, बल्बच्या टोकाशी पूर्ण व्होल्टेज पोहोचते का हे मीटरने मोजावे, जुने बल्ब दोन्ही बाजूंचे एकदम बदलून मान्यताप्राप्त उच्च क्षमतेचे हॅलोजन बसवावेत आणि शेवटी यंत्रावर दिव्यांची पातळी लावून घ्यावी. ज्यांनी किट आधीच घेतले आहे, त्यांनी जुने हॅलोजन बल्ब टाकून देऊ नयेत. मूळ वायरिंग कापलेली नसल्यास ते परत बसवायला फारसा वेळ लागत नाही.