महामार्ग रुंदीकरणाचा पर्यावरण अहवाल : उन्हाळ्यात मोजलेला, पावसाळ्यात उघडा पडणारा

रस्ता चौपदरी करायचं ठरलं की पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचं काम एखाद्या सल्लागार संस्थेकडे जातं. बोलताना सगळे त्याला ईआयए म्हणतात. ही रीतसर पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. पैसे देतो रस्ता बांधणारा, आणि परिणाम सोसतात रस्त्याकडेची गावं, विहिरी, शाळा. म्हणून हे परीक्षण दोघांसाठी आहे : काम सोपवणाऱ्या अभियंत्यासाठी, आणि जनसुनावणीआधी मसुद्याचा जाडजूड गठ्ठा हातात पडलेल्या ग्रामपंचायत सदस्यासाठी.

मत आधीच सांगतो. पाचपैकी अडीच. हवा आणि आवाज बऱ्यापैकी मोजले जातात. झाडं मोजली जातात, पण त्यांचा हिशेब चुकतो. आणि कोकणात, घाटमाथ्यावर ज्यावर सगळं अवलंबून असतं तो पाण्याचा भाग सर्वांत कच्चा असतो.

मुळात ही सेवा तुमच्या रस्त्याला मिळणार आहे का, ते आधी बघा. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए अधिसूचना महामार्गांना लागू आहे, पण २२ ऑगस्ट २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी लागते ती लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि शिवाय जादा जागा सध्याच्या मार्गावर ४० मीटरपेक्षा, वळणरस्त्यावर ६० मीटरपेक्षा जास्त लागणार असेल तरच. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. बहुतेक टप्पे यातून सुटतात. उत्तराखंडमधला सुमारे ८८९ किलोमीटरचा चारधाम मार्ग ५३ तुकड्यांत विभागला गेला, प्रत्येक तुकडा १०० किलोमीटरच्या आत, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. डोंगर मात्र एकच होता. तेव्हा मंजुरी लागत नाही असं उत्तर मिळालं तर तिथेच थांबू नका. वनजमीन, अभयारण्य, खाडी किंवा किनारपट्टी आली की वन, वन्यजीव आणि सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) परवानग्या वेगळ्या लागतातच. कर्ज जागतिक बँकेचं किंवा आशियाई विकास बँकेचं असेल तर त्यांच्या नियमांनुसार पर्यावरण अभ्यास आणि व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. ती कागदपत्रं मागा, मिळतात.

आता या सेवेतला सर्वांत मोठा दोष. पायाभूत नोंदी, म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोजमापं, किमान एका ऋतूच्या, तीन महिन्यांच्या लागतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. हवेसाठी हे योग्यच आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे फसवे येतात. पण तेच तीन महिने पाण्यालाही लावले जातात. एप्रिलमध्ये पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओहोळ, कोरडा असतो, वहाळात चार डबकी असतात, आणि तक्त्यात त्या जागी ‘प्रवाह नाही’ अशी नोंद होते. जुलैत त्याच ठिकाणी कमरेएवढं पाणी असतं. रुंदीकरणाचा सगळा घात तिथे होतो, कारण भराव रुंद झाला की तो बांध होतो आणि पाणी जायला उरते फक्त रस्त्याखालची मोरी.

एक मोरी जवळून बघू. डोंगराच्या अंगाचं २० हेक्टर पाणलोट क्षेत्र, मध्यम उताराचं, थोडी झाडी, थोडा कातळ. पडलेल्या पावसातला ६० टक्के वाहून येतो असं धरा. कोकणात तासाला १०० मिलिमीटरची सर ही नवलाची गोष्ट नाही. क्षेत्र गुणिले पाऊस गुणिले ०.६, भागिले ३६०. म्हणजे सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर पाणी. ९०० मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप (सिमेंटची गोल नळी) पूर्ण भरून सेकंदाला २ मीटर वेगाने वाहिला तरी जेमतेम १.३ घनमीटर नेतो, १२०० मिलिमीटरचा सुमारे २.३. म्हणजे इथे १२०० चे किमान दोन पाइप हवेत, नाहीतर सरळ चौकोनी बॉक्स मोरी. आता हेच गणित दिवसाच्या पावसावर करा : ३०० मिलिमीटर पाऊस २४ तासांवर पसरला की तासाला १२.५ येतो आणि प्रवाह निघतो ०.४ घनमीटर. कागदावर जुना ९०० चा पाइप आरामात पास होतो. आठपटीचा फरक केवळ सरासरी काढण्यात लपतो. म्हणून अहवालात पहिलं शोधायचं ते हे : पाऊस तासाचा घेतला की दिवसाचा, आणि किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरला.

मोरीचं दुसरं दुखणं लांबीचं. दोन पदरांचे चार झाले की जुना पाइप तसाच ठेवून त्याला पुढे नवीन तुकडा जोडला जातो. व्यास तोच, लांबी दुप्पट-तिप्पट, आणि सांध्यावर तळाची पातळी एक-दोन इंच चुकली की तिथे पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकतं. १२०० मिलिमीटरपेक्षा लहान नळीत माणूस उतरून गाळ काढू शकत नाही, त्यामुळे एकदा तुंबलेली तुंबलेलीच राहते. अर्धी गाळाने भरलेली नळी अर्ध्याहूनही कमी पाणी नेते, कारण वेगही घटतो. चांगल्या अहवालात प्रत्येक मोरीचा तक्ता असतो : साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), प्रकार, व्यास, सध्याची अवस्था, पाणलोट, पूररेषा, आणि पुढे काय करणार. पूररेषा गावकऱ्यांना विचारून, देवळाच्या पायरीवरची किंवा घराच्या भिंतीवरची खूण बघून लिहिलेली असेल तर समजा की ती माणसं खरोखर फिरली आहेत. अशा तक्त्याला आम्ही पूर्ण गुण देतो. तो नसेल तर बाकीची पानं कितीही रंगीत असली तरी अहवाल अपुरा.

घाटातल्या कापणीलाही हेच लागू होतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या परशुराम घाटात कापलेल्या उतारावरून दरड येऊन २०२२ च्या पावसाळ्यात वाहतूक बंद ठेवावी लागली. जांभ्याचा थर वरून टणक दिसतो, पण त्याच्या खालची चिकट माती पाणी प्यायली की घसरते. उभी कापणी उन्हाळ्यात छान उभी राहते. अहवालात विंधनाच्या नोंदी, मातीचे थर, कापणीच्या डोक्यावरून पाणी बाजूला नेणारं गटार आणि मधल्या पायऱ्या यांचे आराखडे हवेत. ‘आवश्यकतेनुसार उतार संरक्षण करण्यात येईल’ हे वाक्य म्हणजे काहीच नाही.

हवेचा भाग तुलनेने बरा. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी २४ नोंदी. हवेतल्या बारीक धूलिकणांसाठी, म्हणजे पीएम १० साठी, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, त्याहून बारीक पीएम २.५ साठी ६०. एवढं बहुतेक जण नीट करतात. यंत्र कुठे ठेवलं ते मात्र बघा. रस्त्यापासून ३०० मीटरवरच्या विश्रामगृहाच्या गच्चीवरची नोंद रस्त्याकडेच्या अंगणवाडीबद्दल काही सांगत नाही. पुढचा अंदाज बहुधा कॅलाइन-४ या गणिती प्रारूपाने काढतात आणि वाहनांच्या धुराचे गुणक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे वापरतात. हे गुणक धुराड्यातून निघणाऱ्या धुराचे आहेत. साइडपट्टीवरची माती चाकांनी उडते ती वेगळी धरावी लागते, आणि आपल्याकडे पीएम १० मध्ये तिचा वाटा मोठा असतो.

वाहतुकीचा अंदाज मात्र खटकतो. ‘रुंदीकरण केलं’ आणि ‘केलं नाही’ या दोन्ही तक्त्यांत वाढीचा दर एकच असतो, आणि मग वेग वाढल्यामुळे धूर कमी होणार असा निष्कर्ष निघतो. रुंद रस्ता स्वतःची वाहतूक ओढून आणतो, हे ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञ समितीने १९९४ सालीच मान्य केलं होतं. पहिली काही वर्षं निष्कर्ष खरा ठरेल, पण विसाव्या वर्षाचं काय, हे विचारायला हवं.

आवाजाचं गणित कोणीही घरी करू शकतो. वाहनं दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. शाळेची भिंत रहदारीपासून २० मीटरवर होती ती १२ मीटरवर आली की आणखी सुमारे २. शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४०, रहिवासी भागाची ५५ आणि ४५. महामार्गाकडेला ती आधीच ओलांडलेली असते, म्हणून अहवालात ‘वाढ नगण्य’ लिहितात. वर्गात बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, तिथे ५ डेसिबल नगण्य नसतात. हॉर्न तर प्रारूपात धरलेलाच नसतो. शाळेपुढे ध्वनिरोधक भिंत लागणार असेल तर तिची लांबी-उंची लिहून घ्या. मध्ये फाटकाएवढी फट राहिली तरी तिचा उपयोग मोठ्या प्रमाणात जातो.

झाडांबाबत मनापासून वाईट वाटतं. मोजणी होते, छातीच्या उंचीवरचा घेर नोंदतात, जाती लिहितात. पण शेवटी वड एक आणि सुबाभूळ एक अशी बेरीज होते आणि बदल्यात रोपांचा आकडा देतात. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता, तेव्हा २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलली गेली. आखणी बदलता येते, हे तिथे सिद्ध झालं. अहवालात घेर, पर्णसंभाराचा विस्तार आणि वय यांवर वेगळी यादी असावी, आणि प्रत्येक मोठ्या झाडासमोर ‘मार्ग दोन मीटर सरकवला तर वाचेल का’ याचं उत्तर असावं. पुनर्रोपणाच्या आश्वासनावर फार विसंबू नका. वड-पिंपळ तग धरतात, जुना आंबा क्वचितच. आणि लावणार कुठे, हा प्रश्न विचाराच : हद्दीच्या नकाशात सेवा रस्ता, गटार आणि विजेच्या तारा काढून बघा, रोपांना किती फूट उरतात ते.

खडीचा हिशेब तर बहुतेक वेळा सापडतच नाही. वाढीव भाग सात मीटर रुंद, खडीचा थर अर्धा मीटर जाड, लांबी एक किलोमीटर : ३,५०० घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरच्या ३५० खेपा. ४० किलोमीटरला १४,००० खेपा, रिकामी परत धरून २८,०००, आणि त्या ज्या गावरस्त्याने जाणार तो अभ्यासक्षेत्राबाहेर.

वन्यजीवांच्या बाबतीत ही सेवा किती चांगली होऊ शकते याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर-शिवनी मार्गावर, पेंचजवळ, मनसर ते खवासा टप्प्यात प्राण्यांसाठी नऊ रचना बांधल्या, सर्वांत लांब ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने जागा अभ्यासून सुचवल्या आणि नंतर कॅमेरे लावून तपासलंही. वाघ, रानकुत्रे, चितळ खालून जाताना दिसले. आधी अभ्यास, मग बांधकाम, मग तपासणी, हा क्रम पाळला की काम होतं. साध्या अहवालात मात्र गाडीतून ४० च्या वेगाने फिरून मृत प्राण्यांची पाहणी उरकतात. बेडूक, साप त्यात दिसत नाहीत. पहाटे उजाडताच चालत गेलं नाही तर कावळे आधी उचलून नेतात.

मंजुरी लागणाऱ्या रुंदीकरणातही नवीन जमीन घ्यायची नसेल तर जनसुनावणी होत नाही. होणार असेल तर तीस दिवस आधी सूचना आणि मराठीत सारांश मिळायला हवा. त्या तीस दिवसांत शेवटचं प्रकरण, पर्यावरण व्यवस्थापन आराखडा, कंत्राटातल्या बाबींच्या यादीशी ताडून बघा. कंत्राटदाराला पैसे त्या यादीतल्या कामाचे मिळतात. गाळ अडवणारा खड्डा, ध्वनिभिंत, रोपांचं तीन वर्षांचं पाणी आराखड्यात असेल आणि यादीत नसेल, तर ते होत नाही. सुनावणीत हीच एक मागणी लेखी द्या : प्रत्येक उपाय, त्याचं परिमाण, त्याची रक्कम, यादीतला क्रमांक.

मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यातला १ जूनचा मागवा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत त्यातला मोऱ्यांचा तक्ता घेऊन रस्त्याने चालत जा. पाइपाच्या दोन्ही तोंडांशी वाकून बघा; पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे.